ऐच्छिक

टिळक रोडवरच्या ऑफिसातली शर्वरी म्हणाली,
आठ रात्री, नऊ दिवस, बाल्कनीची केबिन,
शाकाहारी जेवण, हवं तर जैनही मिळेल,
आणि विमा ऐच्छिक आहे काकू, पण घ्याच.

ऐच्छिक.
हा शब्द तेहतीस वर्षं माझ्या टेबलावर होता,
शंकरशेठ रोड, दुसरा मजला, क्लेम विभाग.
पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून
पेपरवेट नव्हता आमच्याकडे,
कुणीतरी घरून आणलेला बत्ता होता.

श्रीरंग घरी येऊन कॅलेंडरच्या मागं हिशेब मांडतो.
दोघांचे मिळून नऊ हजार सहाशे.
"म्हणजे काहीच झालं नाही तर पाण्यात."
"काहीच झालं नाही तर," मी म्हणते, "पाण्यावर."
तो हसत नाही.
लग्नानंतर पंधराव्या दिवशी, वेण्णा तलावात,
पुढच्या अर्ध्या तासाला पाच रुपये जास्त म्हणून
ह्यानं होडी मधूनच वळवायला लावली होती.
त्यानंतर आम्ही पाण्यावर गेलो नाही.
मुठेवरचे पूल सोडले तर.

मी पॉलिसी वाचते, सवयीनं मागून पुढं.
मोठ्या अक्षरांत देतात, बारीक अक्षरांत काढून घेतात,
हे मला कुणी शिकवायला नको.
जहाजावरचा डॉक्टर: हो.
जहाजावरून हेलिकॉप्टरनं उचलणं: हो, मर्यादेत.
बंदरात भटकताना जहाज निघून गेलं: नाही.
पार्थिव परत आणणं: हो.
ही ओळ मी मनातल्या मनात वाचते.
"काय होतं त्यात?" पान उलटताना तो विचारतो.
बॅगा हरवल्या तर, मी सांगते.

पूर्वीपासूनचे आजार.
श्रीरंगच्या छातीत एक स्टेंट आहे, सहा वर्षांचा.
"लिहायलाच पाहिजे असं नाही," शर्वरी फोनवर म्हणते,
"सगळेच नाही लिहीत."

भोरच्या त्या बाई.
चौऱ्याण्णव सालचा उन्हाळा. टेबलाच्या पलीकडे
त्या, त्यांची पिशवी, पिशवीत नवऱ्याचा फोटो,
मागितला नव्हता तरी लॅमिनेट करून आणलेला.
साखर होती त्याला. फॉर्मवर नव्हती.
मी त्यांना पाणी दिलं आणि फाइल परत केली.
नियमानं बरोबर होतं. आजही बरोबर आहे.
जाताना त्यांनी ग्लास विसळून जागेवर ठेवला.

मी लिहिते: स्टेंट, एक. गोळ्या, तीन.
हप्ता टुणकन चौदा हजारांवर.
"तेवढ्यात तुला तिकडं..." श्रीरंग म्हणतो आणि सोडून देतो.
त्याच्या खिशात अशी बरीच सुटी वाक्यं असतात.

मग नॉमिनी.
बँक, पीएफ, लॉकर,
जिथं जिथं हा रकाना आला
तिथं मी ह्याला लिहिलं, ह्यानं मला.
आमची प्रेमपत्रं तेवढीच, तीन प्रतींत, सहीसकट.
पण ह्या वेळी दोघंही एकाच बोटीवर.

भाचा मेलबर्नला. त्याला मराठी वाचता येत नाही,
म्हणजे फोनवर सांगावं लागेल, म्हणजे कोण सांगणार.
"खालची रुबिना," श्रीरंग म्हणतो.
"तिचं काय?"
"किल्ली तिच्याकडेच ठेवणार ना आपण?
कढीपत्त्याला पाणी तीच घालणार."
नातं, फॉर्म विचारतो.
यादीत सासू आहे, सावत्र भाऊ आहे,
शेजारीण नाही.
सगळ्यांत खाली 'इतर' आहे.
आम्ही 'इतर'वर खूण करतो
आणि दोघांनाही उगाच बरं वाटतं.

रात्रीचे साडेदहा.
ओटीपी आला आहे, दहा मिनिटं चालतो.
"मला बोट लागेल का गं? कात्रजच्या घाटात तर मी..."
"लागली तर लागली."
"ते आहे का त्यात?"
"नाही."
माझं बोट हिरव्या बटणावर आहे, टेकलेलं नाही.
सहा मिनिटं उरली आहेत,
आणि श्रीरंग मला समजावून सांगतो आहे
आल्याच्या वड्या तुळशीबागेतल्या नकोत,
मंडईमागच्या त्या म्हाताऱ्याकडच्या,
त्या पिशवीत चिकटत नाहीत.